कंपायलरच्या पोटात (१४) : प्रिंट टाकला की पळणारा बग

शून्य पत्त्याची तपासणी कंपायलर का पुसून टाकतो, ते या आठवड्यात सांगायचं ठरलं होतं. ते पुढच्या वेळी. सांगलीहून एका वाचकाचं पत्र आलंय आणि त्यातला प्रश्न माझ्या इतका जिव्हाळ्याचा आहे की थांबवत नाही.

त्यांच्या सी प्लस प्लस प्रोग्रॅममध्ये बिंदूंची यादी अंतरानुसार लावायची आहे. ऑप्टिमायझेशन बंद असताना सगळं बिनबोभाट चालतं. ओ-टू ही ऑप्टिमायझेशनची पातळी लावली की सॉर्ट मध्येच कोसळतो. तुलनेच्या फंक्शनमध्ये दोन्ही अंतरं छापायला त्यांनी प्रिंटएफ टाकला, तर पुन्हा सुरळीत! तो काढला की पुन्हा कोसळतो. पत्राच्या शेवटी ओघात एक वाक्य आहे: लिनक्स मशीन जुनं आहे, बिल्ड ३२ बिटी आहे. उत्तर तिथंच आहे.

इंटेलचा ८०८७ हा गणिती चिप १९८० चा. त्याच्या रचनेत विल्यम काहान यांचा मोठा वाटा होता. त्याची रजिस्टरं ८० बिटांची. त्यांत संख्येचे सार्थ बिट ६४. मेमरीतल्या डबलमध्ये ते ५३ च. हिशेब चालू असताना थोडी जादा अचूकता हाताशी असावी, हा हेतू, आणि तो मला आजही पटतो. ३२ बिटी बिल्डमध्ये जीसीसी हा कंपायलर आपण होऊन हीच रजिस्टरं वापरतो.

आता तुलना पाहा. पहिल्या बिंदूचं अंतर काढलं, ते रजिस्टरमध्ये आलं. दुसऱ्यासाठी तेच फंक्शन पुन्हा बोलवायचं तर रजिस्टर मोकळं करायला हवं, म्हणून पहिलं अंतर मेमरीत गेलं आणि जाताना ११ बिट गमावून बसलं. दुसरं मात्र ओ-टूच्या कृपेने रजिस्टरमध्येच अखंड राहिलं. दोन्हीकडे एकच बिंदू असला तरी पहिलं अंतर मेमरीत जाताना खालच्या बाजूला गोल झालं असेल, तर तो बिंदू स्वतःपेक्षाच लहान ठरतो! सॉर्टचं आतलं लूप यादीची हद्द तपासत नाही. तुलना कुठेतरी ‘नाही’ म्हणेल आणि आपण थांबू, या भरवशावर ते धावतं. ‘नाही’ आलंच नाही तर ते हद्दीबाहेर जातं.

प्रिंटएफ टाकला की त्याच्या कॉलसाठी दुसरं अंतरही मेमरीत ठेवावं लागतं. दोन्ही सारखीच गोल झाली, भांडण मिटलं. ऑप्टिमायझेशन बंद असताना प्रत्येक व्हेरिएबल मेमरीतच राहतं, म्हणून तेव्हाही तक्रार नव्हती.

जीसीसीच्या बग-यादीत ही तक्रार ३२३ क्रमांकाची, २००० सालची. तिला पुढे कितीतरी जुळ्या तक्रारी जोडल्या गेल्या. पुष्कळ जण जादा बिटांना दोष देतात. मला दोष दिसतो तो कंपायलर सोयीप्रमाणे कधी गोल करतो, कधी नाही, यात. मेमरीत ठेवतानाही ८० बिट जपले असते तर पहिलं आणि दुसरं अंतर जुळलंच असतं. याच प्रश्नावर जावा भाषेने सुरुवातीला काटेकोर, सगळीकडे सारखंच गोल होणारं गणित सक्तीचं केलं, ८० बिटी रजिस्टरांवर ते महाग पडतं म्हणून १९९८ मध्ये जावा १.२ ने ते सैल केलं, आणि २०२१ मध्ये जावा १७ ने पुन्हा सक्तीचं केलं. तोवर एसएसई-टू हे प्रोसेसरमधलं दुसरं गणिती यंत्र सगळीकडे पोचलं होतं. त्यात डबल हा डबलच राहतो. ६४ बिटी बिल्डमध्ये तेच वापरलं जातं. सांगलीच्या वाचकांचा प्रोसेसर ते जाणत असेल, तर जीसीसीला ते वापरायला सांगावं.

पण आधी हा बग डोळ्यांनी पाहाच. प्रिंटएफ प्रोग्रॅमचा भाग होतो, म्हणून कंपायलर त्याच्याभोवतीचा कोड बदलतो. डीबगरने थांबवलं तर तयार कोड तोच राहतो, आणि ऑपरेटिंग सिस्टिम रजिस्टरं पूर्ण ८० बिटांसकट जपते. जीडीबी या डीबगरमध्ये व्हेरिएबलचं नाव विचारलंत तर ‘ऑप्टिमाइझ्ड आउट’ असं उत्तर येण्याचा संभव आहे. त्याऐवजी डिसअसेंबल करून तुलनेच्या सूचनेवर थांबा आणि ‘इन्फो फ्लोट’ द्या. मग मेमरीतल्या स्टॅकवरचं पहिलं अंतर शेजारी मांडून शेवटचे ११ बिट पाहा.