चाकूरच्या उन्हात पीसी का रडतो?

लातूर-नांदेड रस्त्यावरच्या चाकूरमध्ये मे महिन्यात पारा चाळिशीपार जातो. त्यात सीपीयूच्या पंख्यावर धुळीचा थर बसला की तापलेला प्रोसेसर आपणहून वेग कमी करतो. प्लग काढून मऊ ब्रशने पंखा झाडला, तरी पुष्कळदा काम भागतं.

घड्याळ दरवेळी मागे जातंय आणि ब्राउझर ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ म्हणतोय? व्हायरसला दोष देण्याआधी मदरबोर्डवरचा सीआर २०३२ सेल बदलावा. तारीख चुकली की वेबसाइटची सुरक्षा प्रमाणपत्रं ब्राउझरला अवैध वाटतात.

पीसी सुरू व्हायलाच वेळ लावत असेल, तर कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडावा आणि स्टार्टअपमधले नको ते प्रोग्रॅम बंद करावेत.

तरीही रडगाणं थांबलं नाही, तर पैसे एसएसडीवर घालावेत. जुनी हार्ड डिस्क सेकंदाला साधारण १०० एमबी वाचते, साधी साटा एसएसडी सुमारे ५००.