गाठीविना कडे

दोराची दोन टोके जोडायची म्हटले की आपल्याला आधी आठवते ती गाठ. शिडाच्या होडीवर मात्र गाठ ही तात्पुरती सोय मानतात. गाठीत दोर फार लहान वळणातून जातो. वळणाच्या बाहेरच्या अंगाचे तंतू ताणले जातात, आतले सैल राहतात आणि सगळा भार थोड्या तंतूंवर येतो. गाठ मारलेला दोर आपले निम्म्याच्या आसपास बळ गमावून बसतो. म्हणून जिथे कायमचा भरवसा हवा, तिथे जाणता खलाशी दोर बांधत नाही, दोरात दोर गुंफतो. याला स्प्लाइस म्हणतात. मी इथे सांधा म्हणतो. दोरांचा अभ्यास करताना या सांध्यांपैकी मला सर्वांत गुंतवून ठेवले ते अखंड कड्याने.

हे कडे जुनेच आहे. तीन पेडी पिळाच्या दोरातून एकच लांब पेड सोडवायचा, त्याचे वळे करायचे आणि त्याच्याच पिळाच्या खाचेत तो आणखी दोन फेरे फिरवायचा. एका पेडाचे तीन पेडी कडे तयार होते. शिडाच्या जहाजांवरील लाकडी कप्प्या दोराच्या कड्यांत बसवलेल्या असत. पोर्ट्समथच्या गोदीत मार्क ब्रुनेलची यंत्रे १८०८ पर्यंत वर्षाला सुमारे १,३०,००० कप्प्या घडवू लागली होती, पण त्यांच्याभोवतीचा दोर हातानेच सांधावा लागे. पुढे लोखंडी पट्ट्या आणि शॅकल आले नि दोराचे कडे मागे पडले.

ते परत आणले एका प्लास्टिकने. १९७९ मध्ये डीएसएम या डच कंपनीत पॉल स्मिथ आणि पीट लेमस्ट्रा यांनी अतिलांब साखळ्यांच्या पॉलिथिनपासून धागा काढण्याची रीत शोधली. तोच आजचा डायनीमा. वजनास वजन तोलले तर पोलादाच्या कितीतरी पट बळकट, आणि पाण्यावर तरंगणारा. पण तो इतका निसरडा की त्यात गाठ टिकत नाही, आणि सुमारे १५० अंश सेल्सियसला वितळतो. त्याला सांधाच हवा.

हा दोर बहुधा बारा पेडांची पोकळ वेणी असतो. गोल विणीची बुटाची नाडी हातात घेऊन पाहा. दोन्हीकडून आत ढकलली की ती फुगते, ओढली की बारीक होते. सांध्याचे सगळे रहस्य यात आहे. वेणी फुगवून तिच्या पोटात दोराचे टोक सारायचे. मग भार आला की वेणी आवळते आणि आतले टोक घट्ट धरते. जितकी ओढ जास्त, तितकी पकड जास्त.

५ मिलिमीटर दोराचे १ मीटर घेराचे कडे करायचे आहे असे धरू. पोटात जाणाऱ्या टोकाची लांबी दोराच्या जाडीच्या ७२ पट ठेवण्याचा प्रघात आहे, म्हणजे प्रत्येक बाजूला ३६० मिलिमीटर. दोर लागेल १,७२० मिलिमीटर, आणि भरलेली वेणी जाड होऊन आखूड होते म्हणून वर थोडा जास्त. दोन्ही टोकांपासून ३६० मिलिमीटरवर खुणा करायच्या. पहिले टोक दुसऱ्या खुणेपाशी दोरातून आरपार ओवायचे, दुसरे टोक पहिल्या खुणेपाशी. खुणा एकमेकींत अडकतात. मग प्रत्येक टोक त्या जागेपासून पुढे, एकमेकांच्या विरुद्ध दिशांना, कड्याच्या पोटात सारायचे. त्याआधी टोकाकडचे पेड एकेक करून कापून ते निमुळते करायचे. नाहीतर भरीव भाग जिथे एकदम संपतो, तिथे वेणीला पायरी पडते आणि ताण तिथेच साठतो. शेवटी अडकवलेल्या जागेपासून बाहेरच्या बाजूला दोर हाताने निपटत नेला की शेपट्या आत दिसेनाशा होतात.

या हिशेबाने घेर ७२० मिलिमीटरहून कमी असेल तर दोन शेपट्या आत एकमेकींवर येतात. तेव्हा लहान कड्यासाठी ही रीत चालत नाही.

कड्याच्या दोन पदरांत भार वाटला जातो, म्हणून हिशेबात बळ दुप्पट; प्रत्यक्षात कमी, कारण सांध्यात थोडे जाते आणि बारीक खिळ्यावरून वळताना आणखी जाते. तेव्हा कडे गुळगुळीत, जाड वळणावरच बसवावे.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट मला शेवटी सांगायची आहे. हा सांधा ओढीने टिकतो, म्हणून त्याला खरा धोका सैलपणात असतो. शीड फडफडते, दोर झटके खातो, ढिला पडतो. तेवढ्यात आतली शेपूट थोडी थोडी सरकू शकते. मग वारा भरतो तेव्हा पकडायला आत पुरेसे काही उरलेले नसते. म्हणून सांध्यातून सुईने आरपार टाके घालतात. ते टाके भार पेलत नाहीत. सैलपणात शेपूट जागच्या जागी राखतात.

गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’तून दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. अशा सफरीत महिनोन्महिने दुरुस्तीला दुसरा माणूस नसतो. तुटलेले शॅकल भर समुद्रात घडवता येत नाही. कडे मात्र घडवता येते: दोर, चाकू, सुई आणि तासभर शांत हात एवढे पुरते. धातूतली चीर बहुधा नजरेला दिसत नाही. दोर झिजू लागला की त्यावर लव उभी राहते. ती हाताला लागली की कडे बदलायचे, वाट पाहायची नाही.