घोड्याच्या पायाखाली

दिवाळीची सुटी लागली की महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाकाठी तट्टांची रांग उभी राहते. आपण मुलाला उचलून खोगिरावर बसवतो, फोटो काढतो, भाड्यावरून थोडी घासाघीसही करतो. पण हे जनावर आधीचे चार महिने कुठे उभे होते, असा प्रश्न आपल्याला सहसा पडत नाही. मला पडतो, त्याचे कारण घरचे आहे.

माझ्या आजोबांचा सांगलीत टांगा होता. सांगलीला पाऊस तो किती! वर्षाचा पाच-सहाशे मिलिमीटर. पण कृष्णाकाठची काळी माती भिजली की फुगते आणि धरलेला पाय सोडत नाही. घोडीच्या छपरापुढे श्रावणात नुसती राड होई. आजोबा दर वर्षी गाडीभर मुरूम आणून त्या राडीवरच टाकीत, आणि महिन्याभरात तो गडप होई. "मुरूम नव्हे, पैसे पुरताय तुम्ही," आजी म्हणे. एका वर्षी घोडीच्या खुरांच्या तळव्यातून काळे, घाण वासाचे पाणी येऊ लागले आणि ऐन दिवाळीत ती लंगडली. स्टेशनावर उतारूंची गर्दी अन् आमचा टांगा दारात! मी तेव्हा आठ वर्षांचा. यंदा फटाके नाहीत, एवढेच मला कळले. आजीच्या पाटल्या त्याच दिवाळीत गेल्या, हे आईने फार पुढे सांगितले.

या श्रावणात एका जुन्या विद्यार्थ्याकडे महाबळेश्वरला गेलो. त्याच्या घरी दोन तट्टे आहेत. तिथला वर्षाचा पाऊस साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढे, म्हणजे सांगलीच्या नऊ-दहा पट. चिखल तुडवायच्या तयारीनेच मी परसात उतरलो, आणि पाहतो तो तट्टे बऱ्यापैकी कोरड्या जागी उभी!

"हे साधले कसे?" मी त्याच्या वडिलांना विचारले.

"सर, आभाळ काय आपल्या हातात न्हाई," ते म्हणाले, "पागोळी हाय."

घरी येऊन मी हिशेब केला. बारा फूट लांब, दहा फूट रुंद छपरावर दिवसात चार इंच पाऊस पडला, तर सुमारे अकराशे लिटर पाणी होते. ते सारे पागोळ्यांवाटे नेमके घोड्याच्या पुढ्यात पडायचे. या गृहस्थांनी जुना पत्रा वाकवून पन्हळ केली आणि ते पाणी उताराकडच्या चरात सोडले. डोंगराच्या अंगाने वाहत येणाऱ्या पाण्यासाठी वरच्या बाजूला दुसरा चर. लीद दिवसातून दोनदा घमेल्याने उचलायची, कारण ती मातीत तुडवली गेली की पाणी धरून ठेवते आणि चिखल वाळतच नाही.

मुरूम त्यांनीही घातला आहे, पण वैशाखात. आधी वरची मऊ माती खरवडून कठीण जमीन लागेपर्यंत काढली, मग जांभ्याचे तुकडे, त्यावर मुरूम, आणि थोडा उतार ठेवून धुमसाने चोपणी. तीही फक्त तट्टे उभी राहतात तिथे आणि दारापुढे. "सगळं परसू भरायला पैका कुठनं आणू?" एक ट्रॉली मुरूम विकत, बाकी बापलेकांचे हात.

कौटिल्याने अर्थशास्त्रात घोड्याच्या ठाणाला गुळगुळीत फळ्यांची जमीन सांगितली आहे. त्याचे ठीक आहे, त्याच्यामागे राजाची तिजोरी होती! ग्रीक झेनोफनने चार-पाच गाड्या गोल गोटे पसरायला सांगितले, ते आपल्याला जरा जवळचे. पन्हळीचा विचार मात्र आमच्या आजोबांना कधी सुचला नाही, आणि मलाही इतकी वर्षे पुस्तके वाचून सुचला नव्हता.

संध्याकाळी विद्यार्थ्याने एकेक पाय उचलून लोखंडी आकड्याने खूर साफ केले, फडक्याने पुसले.

"रोज?"

"रोज, सर. मे महिना आन् दिवाळी, दोनच तर हंगाम आमचे."

मी वाकून खुराचा वास घेतला. ओल्या गवताचा होता. तट्टू मान वळवून माझ्याकडे संशयाने पाहत होते.