ठाकूर रडतो का?

गेल्या डिसेंबरातली गोष्ट. भाच्याचा फोन आला. म्हणाला, "मामू, तुमचा 'शोले' पुन्हा लागलाय ना? थिएटरला कशाला जाताय? मी लिंक पाठवतो. पूर्ण पिक्चर आहे, फुकटात. जुना शेवटही आहे त्यात."

'तुमचा शोले' असं तो म्हणाला, ते मला आवडलं. आमच्या पिढीचं आणि या सिनेमाचं नातं असं घरातल्यासारखंच आहे. पण त्याच्या बोलण्यातल्या दोन शब्दांपाशी मी अडकलो. 'पूर्ण' आणि 'फुकट'. हे दोन्ही शब्द वाटतात तेवढे सरळ नाहीत. आज त्यांच्याविषयीच थोडं बोलतो.

'शोले' प्रदर्शित झाला १५ ऑगस्ट १९७५ रोजी. त्याआधी जेमतेम सात आठवडे, २५ जूनला, देशात आणीबाणी पुकारली गेली होती. रमेश सिप्पी यांनी चित्रित केलेल्या शेवटात ठाकूर गब्बरला ठार मारतो. हात तोडलेला माणूस खिळे ठोकलेल्या बुटांनी आपला सूड घेतो. सेन्सॉरनं हे मान्य केलं नाही. ठाकूर हा पोलीस अधिकारी होता, आणि पोलीस अधिकाऱ्यानंच कायदा हातात घेतलेला दाखवणं त्या दिवसांत चालणारं नव्हतं. निर्मात्यांचा नाइलाज झाला. कलाकारांना पुन्हा गोळा करून कर्नाटकातल्या रामनगरमच्या खडकांमध्ये शेवट नव्यानं चित्रित करण्यात आला. ऐन क्षणी पोलीस येतात, ठाकूरला थांबवतात आणि गब्बरला घेऊन जातात. आपण वर्षानुवर्षं पाहिला तो हाच शेवट.

म्हणजे ज्याला आपण 'शोले' म्हणतो, तो पहिल्या दिवसापासूनच एक बदललेला 'शोले' होता.

पण कात्री काही फक्त सेन्सॉरच्याच हातात नसते. पहिली कात्री संकलकाची. 'शोले'चे संकलक होते आपले माधव शिंदे. पस्तीस मिलिमीटरची फिल्म एका मिनिटाला नव्वद फूट धावते. या सिनेमासाठी सुमारे तीन लाख फूट चित्रण झालं होतं असं सांगतात. हिशेब केला तर ते पंचावन्न तासांच्या वर जातं. त्यातून साडेतीन तासांच्या आतला सिनेमा काढायचा, हे काम शिंद्यांनी केलं. 'शोले'ला फिल्मफेअर पुरस्कार मिळाला तो एकच, संकलनाचा. किती जणांना हे नाव ठाऊक असेल? कापणाऱ्याचं नाव विसरलं जातं, हा कवितेतलाही अनुभव आहे. खोडलेल्या ओळी कुणी मोजत नाही.

मग कात्री येते ती दाखवणाऱ्याची. मी 'शोले' पहिल्यांदा पाहिला तो नऊ-दहा वर्षांचा असताना, उरुसात आलेल्या टुरिंग टॉकीजच्या तंबूत. आमचं गाव रायगड जिल्ह्यातलं, खाडीकाठचं. त्या रात्री दोन खेळ लावायचे होते, म्हणून तंबूवाल्यानं एक गाणं सरळ उडवलं. शिवाय प्रिंट इतकी घासलेली, की मध्येच फिल्म तुटायची. ऑपरेटर ती जोडायचा, आणि प्रत्येक जोडाला काही चौकटी नाहीशा व्हायच्या. अहमदचं प्रेत घेऊन घोडा गावात येतो तिथंच फिल्म तुटली. दिवे लागले. पुन्हा अंधार झाला तेव्हा म्हातारे इमामसाहेब नमाजाला निघाले होते. मधलं काहीच नाही. माझ्या वडिलांनी तो सिनेमा आधी मुंबईत पाहिला होता. त्यांनी मला कानात तो मधला भाग सांगितला. आंधळा बाप विचारतो, इतका सन्नाटा का आहे, आणि कुणालाच उत्तर देता येत नाही. माझ्यासाठी त्या प्रसंगाचा आवाज आजही ए. के. हंगल यांचा नाही, माझ्या वडिलांचा आहे.

अहमदच्याच प्रसंगावर सेन्सॉरचीही कात्री चालली होती. सचिन पिळगावकर यांनी ती भूमिका केली होती. गब्बरच्या अड्ड्यावर त्याला मारतात ते दृश्य कापलं गेलं. पडद्यावर राहिलं ते एवढंच, की गब्बर हातावरचा एक किडा चिरडतो. पुढचं आपण समजून घ्यायचं. आता मला विचाराल तर, ही कात्री सिनेमाच्या पथ्यावर पडली. न दाखवलेला खून जास्त भिववतो. तेव्हा प्रत्येक कापलेली गोष्ट परत आणली म्हणजे सिनेमा मोठा झाला, असं मी मानत नाही. पण काय कापलं होतं हे पाहण्याचा हक्क प्रेक्षकाला असावा, हे मात्र मानतो.

तो कापलेला शेवट प्रेक्षकांना दिसायला बरीच वर्षं लागली. मूळ शेवट असलेली प्रत व्हिडिओ कॅसेटवर आली ती ब्रिटनमध्ये, १९९० साली. तिथून ती आखातात पोचली, आणि आखातातून कोकणात. आमच्याकडे घरटी एक माणूस तरी दुबई, दोहा नाहीतर कुवेतला. माझे मामू व्हीसीआर घेऊन आले, आणि सोबत कॅसेटची कॅसेट, तिचीही कॅसेट अशी कितव्या तरी पिढीतली नक्कल. चित्र पावसात भिजल्यासारखं. माणसांना चेहरे नव्हते, नुसते डाग होते. पण गब्बर मरत होता!

गावात दोन तट पडले. थिएटरवाले म्हणायचे, गब्बरला पोलीस नेतात. कॅसेटवाले म्हणायचे, ठाकूर त्याला मारतो. पैजा लागल्या. दोघंही खरं बोलत होते, हे कुणाच्याच ध्यानात आलं नाही.

मग १९९३चा जानेवारी आला. मुंबई पेटलेली होती. तिथून माणसं जीव घेऊन गावी परतत होती. कुणाचं दुकान गेलं होतं, कुणाचं माणूस. आमच्या ओटीवर आठ-दहा पोरं मुक्कामाला होती. रात्री झोप कुणालाच येत नसे. मामूंनी व्हीसीआर लावला. पोरांनी बाकीचा सिनेमा पुढं पळवला आणि थेट शेवट लावला. ठाकूरचे बूट, गब्बरची छाती. गब्बर मेला की ओटीवर आरडाओरडा व्हायचा, कॅसेट मागं फिरवली जायची आणि गब्बर पुन्हा मरायचा. मीही त्यात होतो. बाविशीतला होतो, बीए होऊन घरी बसलो होतो, आणि पोलीस येऊन न्याय करतात हा शेवट त्या दिवसांत मला खोटा वाटत होता. हे आज कबूल करायला हरकत नाही.

अम्मा दारात उभी होती. तिसऱ्या की चौथ्या वेळी ती म्हणाली, "अरे, पुढचं बघू द्या की. मारल्यावर तो रडतोय का?"

कुणीतरी म्हणालं, "रडत नाही चाची. चित्र खराब आहे, म्हणून तसं वाटतं." आणि कॅसेट पुन्हा मागं गेली. पुढचं आम्ही कधी पाहिलंच नाही.

ती कॅसेट पुढं बुरशीनं गेली. अम्मा २०११ साली गेली.

आता 'पूर्ण' सिनेमाकडे येऊ. 'शोले'ला पन्नास वर्षं होत असताना सिप्पी फिल्म्स आणि फिल्म हेरिटेज फाउंडेशन यांनी त्याचा जीर्णोद्धार केला. मूळ निगेटिव्हची अवस्था फार वाईट होती. फिल्म जपली नाही तर तिच्यातलं रसायन विघटित होतं, व्हिनेगरसारखा आंबूस वास सुटतो, फिल्म आक्रसते आणि चित्र जातं. सत्तर मिलिमीटरची एकही प्रिंट उरली नव्हती. सुदैवानं लंडनच्या एका गोदामात जुनी रिळं सापडली. इटलीतल्या बोलोन्याच्या प्रयोगशाळेत एकेक चौकट साफ करण्यात आली. २७ जून २०२५ रोजी त्याच शहराच्या चौकात, उघड्यावर, हा सिनेमा मूळ शेवटासह दाखवला गेला. भारतात तो १२ डिसेंबरला आला. धर्मेंद्र गेले २४ नोव्हेंबरला. अठरा दिवसांनी पडद्यावर ते पुन्हा पाण्याच्या टाकीवर चढले.

सांगायचं ते हे, की आज 'शोले' एक नाही. सेन्सॉरनं मंजूर केलेला साधारण १९८ मिनिटांचा आहे, मूळ शेवटाचा २०४ मिनिटांचा आहे, आणि हा नवा सुमारे २०९ मिनिटांचा. नुसती लांबीच नाही, चौकटही वेगळी असते. चित्रण झालं पस्तीस मिलिमीटरवर आणि नंतर ते सत्तर मिलिमीटरवर वाढवण्यात आलं, तेव्हा रुंद पडद्यासाठी चित्राचा वरचा-खालचा भाग सोडावा लागला. त्यामुळं एका प्रतीत दिसणारा डोंगरमाथा दुसऱ्या प्रतीत नसतो. इंटरनेटवर सिनेमा लावण्याआधी त्याची लांबी बघण्याची सवय ठेवा. आपण काय पाहणार आहोत आणि काय नाही, ते निम्मं तिथंच कळतं.

आता 'फुकट'. इंटरनेटवरचं फुकट तीन प्रकारचं असतं. पहिलं, मालकानं स्वतःहून ठेवलेलं. अनेक निर्माते आणि कंपन्या आपले जुने सिनेमे स्वतःच यूट्यूबवर ठेवतात. मध्ये जाहिराती येतात, त्यातून त्यांना पैसे मिळतात. हे बिनदिक्कत पाहावं. दुसरं, मुदत संपलेलं. आपल्या कायद्यानुसार सिनेमाचा कॉपीराइट प्रदर्शनानंतरच्या वर्षापासून साठ वर्षं चालतो. म्हणून 'संत तुकाराम' किंवा 'श्यामची आई' हे आता सर्वांचे झाले आहेत. 'शोले'ची मुदत मात्र २०३५च्या अखेरीस संपेल. तिसरं फुकट म्हणजे चोरीचं. थिएटरात बसून मोबाइलनं टिपलेलं, किंवा कुणाचं तरी उचलून आपल्या नावानं टाकलेलं. २०२३मध्ये सिनेमॅटोग्राफ कायद्यात दुरुस्ती झाली. असं चित्रण करणाऱ्याला आणि ते दाखवणाऱ्याला किमान तीन महिने कैद आणि तीन लाख रुपये दंड आहे. तो तीन वर्षांपर्यंत आणि निर्मितीखर्चाच्या पाच टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो.

भाच्यानं पाठवलेली लिंक तिसऱ्या प्रकारची होती. मी पाच मिनिटं पाहिली. पडदा तिरका, खाली कुणाचं तरी डोकं, कुणीतरी खोकतंय. मला आमची ओटी आठवली.

मी काही साधुत्वाचा आव आणत नाही. मामूंची कॅसेट कुठं परवान्याची होती? आणि तशा कॅसेटी नसत्या, तर 'शोले'चा आणखी एक शेवट आहे हे आमच्या गावाला कळलंही नसतं. बेकायदा नकलांनी त्या शेवटाची आठवण जिवंत ठेवली, हे त्यांचं ऋण मी मान्य करतो. पण आठवण टिकली, सिनेमा नाही टिकला. प्रत्येक नकलेगणिक तो पुसट होत गेला. तो परत आला तो गोदामातल्या डब्यांतून. ते डबे कुणीतरी भाडं भरून, थंड जागेत सांभाळले होते म्हणून. आठवण फुकटात टिकते, फिल्म टिकत नाही. आपल्याकडचं उदाहरण पाहा. दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' कायद्यानं केव्हाच सर्वांचा झालाय, कुणीही फुकट पाहावा. पण पाहणार काय? त्याची मोजकीच रिळं उरली आहेत. जानेवारी २००३मध्ये पुण्यात लागलेल्या आगीत जुन्या नायट्रेट फिल्म जळाल्या, त्या आता पैसे मोजूनही मिळणार नाहीत.

म्हणून मी तिकीट काढलं. भाच्यालाही नेलं. तो म्हणाला, "मामू, शेवट तर मी पाहिलाय." मी म्हटलं, "मीही पाहिलाय. तीस वर्षांपूर्वी, शंभर वेळा."

शेवट आला. ठाकूरनं गब्बरला मारलं. थिएटरात दोन-चार शिट्ट्या वाजल्या. या वेळी कॅसेट मागं फिरवायला कुणी नव्हतं, आणि चेहऱ्यावर पाऊसही नव्हता. संजीव कुमारांचा चेहरा भिंतीएवढा समोर होता. सूड पुरा झाला होता. आता त्या माणसाकडे करायला काहीच उरलं नव्हतं. अश्रू पुसायला त्याला हातही नव्हते.

ठाकूर रडतो. १९७५ सालीही तो रडतच होता. आम्हाला ते दिसलं नाही, कारण चित्र खराब होतं, आणि खरं सांगायचं तर आम्हाला ते पाहायचंच नव्हतं. दारात उभं राहून, त्या डागाडागांच्या चित्रात, अम्माला तेवढं दिसलं होतं.

भाचा बाहेर आल्यावर थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मोबाइलवर हे कळलंच नव्हतं."

मी म्हटलं, "आम्हालाही नव्हतं कळलं."

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)