बारामती व इंदापूर विधानसभा मतदारसंघांतील मतदार नोंदणी आणि मतदान

बारामती आणि इंदापूर हे महाराष्ट्राच्या पुणे जिल्ह्यातील दोन लगतचे विधानसभा मतदारसंघ आहेत. राज्य विधानसभेच्या सार्वत्रिक निवडणुकीत मत देण्यासाठी येथील नागरिकाला दोन टप्पे पार करावे लागतात. मतदार यादीत नाव नोंदलेले असणे हा पहिला टप्पा आणि मतदानाच्या दिवशी नेमून दिलेल्या केंद्रावर ओळख पटवून मत नोंदविणे हा दुसरा. दुसऱ्या टप्प्याची चर्चा अधिक होते. मतदानाचा हक्क मात्र पहिल्याच टप्प्यात निश्चित होतो आणि तो टप्पा मतदानाच्या कित्येक दिवस आधी संपलेला असतो. मतदार ओळखपत्र जवळ आहे, पण यादीत नाव नाही, अशा व्यक्तीला मत देता येत नाही. याउलट नाव यादीत आहे, पण ओळखपत्र हरवले आहे, अशी व्यक्ती अन्य मान्य कागदपत्राच्या आधारे मत देऊ शकते.

मतदारसंघ

महाराष्ट्र विधानसभेच्या २८८ मतदारसंघांपैकी इंदापूरचा क्रमांक २०० आणि बारामतीचा २०१ आहे. दोन्ही मतदारसंघ त्या त्या नावाच्या तालुक्याचे मिळून बनले असून दोन्ही बारामती लोकसभा मतदारसंघात मोडतात. बारामतीतून १९६७ साली शरद पवार प्रथम विधानसभेवर निवडून आले. १९९१ च्या पोटनिवडणुकीपासून २०२४ पर्यंतच्या प्रत्येक विधानसभा निवडणुकीत तेथून अजित पवार विजयी झाले. इंदापूरमधून १९९५ ते २००९ या काळातील चार निवडणुकांत हर्षवर्धन पाटील, तर २०१४, २०१९ आणि २०२४ मध्ये दत्तात्रय भरणे निवडून आले.

दोन्ही मतदारसंघांतील निकालांचे स्वरूप भिन्न राहिले आहे. २०१९ साली बारामतीत विजयी उमेदवाराचे मताधिक्य १,६५,२६५ होते. त्याच निवडणुकीत इंदापूरचा निकाल अवघ्या ३,११० मतांनी लागला. तेथे भरणे यांना १,१४,९६० आणि पाटील यांना १,११,८५० मते मिळाली. २०२४ मध्ये बारामतीतील मताधिक्य १,००,८९९, तर इंदापुरातील १९,४१० होते. इंदापूरच्या २०१९ मधील निकालासारख्या चुरशीच्या लढतीत यादीतून सुटलेली किंवा चुकीच्या भागात गेलेली काही हजार नावे निकालाइतक्याच मोलाची ठरू शकतात.

कायदेशीर आधार

भारतीय संविधानाच्या अनुच्छेद ३२६ ने प्रौढ मताधिकाराचे तत्त्व स्वीकारले आहे. मतदानाचे किमान वय आरंभी २१ वर्षे होते. ६१ व्या घटनादुरुस्तीने ते १८ वर्षे करण्यात आले व ही तरतूद १९८९ साली अमलात आली. मतदार याद्या तयार करण्याचे आणि निवडणुका घेण्याचे अधीक्षण, संचालन व नियंत्रण अनुच्छेद ३२४ नुसार भारत निवडणूक आयोगाकडे आहे. याद्यांविषयीच्या तरतुदी लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५० आणि मतदार नोंदणी नियम, १९६० यांत आहेत. प्रत्यक्ष निवडणुकीविषयीच्या तरतुदी लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ आणि निवडणूक संचालन नियम, १९६१ यांत आढळतात.

पात्रता व ‘सर्वसाधारण रहिवासी’ ही संज्ञा

मतदार म्हणून नोंदणीसाठी व्यक्ती भारताची नागरिक, अर्हता दिनांकास १८ वर्षे पूर्ण केलेली आणि त्या मतदारसंघाची सर्वसाधारण रहिवासी असावी लागते. पूर्वी १ जानेवारी हा वर्षातील एकमेव अर्हता दिनांक होता. २०२१ च्या दुरुस्तीनंतर १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर असे चार अर्हता दिनांक झाले. १७ वर्षे पूर्ण झालेल्या तरुणांना आगाऊ अर्ज करता येतो. त्यांचे नाव वयाची अट पूर्ण झाल्यावर यादीत घेतले जाते.

‘सर्वसाधारण रहिवासी’ ही संज्ञा या भागात विशेष महत्त्वाची आहे. केवळ गावी घर किंवा शेतजमीन आहे, एवढ्यावरून कोणी तेथील सर्वसाधारण रहिवासी ठरत नाही. तसेच तात्पुरते बाहेरगावी गेल्याने कोणाचे रहिवासीपण संपतही नाही. त्यामुळे पुण्यात कायमचे स्थायिक झालेल्या व इंदापुरात सातबारा असलेल्या व्यक्तीची नोंदणी पुण्यात होणे अपेक्षित आहे. वसतिगृहात राहून शिकणाऱ्या विद्यार्थ्याला आई-वडिलांच्या घरचा किंवा वसतिगृहाचा पत्ता यांपैकी एक निवडता येतो. एकाहून अधिक मतदारसंघांत, अथवा एकाच मतदारसंघात दोनदा नाव नोंदविण्यास कायद्याने मनाई आहे. अर्जात जाणूनबुजून खोटे निवेदन करणे हा एक वर्षापर्यंतच्या कारावासास पात्र गुन्हा आहे. नीरा नदीच्या अलीकडे शेती आणि पलीकडे सातारा किंवा सोलापूर जिल्ह्यात राहते घर, अशी स्थिती असणाऱ्या कुटुंबांनाही हाच नियम लागू पडतो.

नोंदणीची प्रक्रिया

प्रत्येक विधानसभा मतदारसंघासाठी एक मतदार नोंदणी अधिकारी नेमलेला असतो. त्याच्या हाताखाली सहायक मतदार नोंदणी अधिकारी असतात. तहसीलदाराकडे सामान्यतः ही जबाबदारी असते. यादीच्या प्रत्येक भागासाठी मतदान केंद्रस्तरीय अधिकारी (बीएलओ) काम पाहतो. हा अधिकारी बहुधा गावातील शिक्षक, अंगणवाडी सेविका किंवा अन्य शासकीय कर्मचारी असतो. अर्ज त्याच्याकडे, तहसील कार्यालयात अथवा आयोगाच्या संकेतस्थळावर व ‘व्होटर हेल्पलाइन’ या अ‍ॅपवर करता येतो. चौकशीसाठी १९५० हा दूरध्वनी क्रमांक आहे.

१ ऑगस्ट २०२२ पासून पुढील नमुने वापरात आहेत :

• नमुना ६ : प्रथमच नाव नोंदविण्यासाठी.
• नमुना ६क : परदेशी राहणाऱ्या भारतीय नागरिकांसाठी.
• नमुना ६ख : आधार क्रमांक कळविण्यासाठी.
• नमुना ७ : मृत, स्थलांतरित किंवा दुबार नाव वगळण्यासाठी अथवा एखाद्या नावास हरकत घेण्यासाठी.
• नमुना ८ : पत्ता बदलणे, नोंदीतील चूक दुरुस्त करणे, बदली ओळखपत्र मिळविणे किंवा दिव्यांग म्हणून नोंद करणे यांसाठी.

या विभागणीत एक गल्लत वारंवार होते. लग्नानंतर सासरी आलेली स्त्री किंवा नोकरीनिमित्त बारामतीत राहावयास आलेला कामगार यांचे नाव आधीच कोठेतरी नोंदलेले असेल, तर त्यांनी नमुना ६ भरावयाचा नसून नमुना ८ भरावयाचा असतो. पुन्हा नमुना ६ भरल्यास दुबार नोंद निर्माण होते. पुढे दुबार नावे वगळताना नेमकी हवी ती नोंद गळून पडण्याचा धोका त्यातून उद्भवतो.

वयाच्या पुराव्यासाठी जन्मदाखला, दहावी-बारावीचे प्रमाणपत्र, पॅन कार्ड, पारपत्र इत्यादी चालतात. निवासाच्या पुराव्यासाठी वीज वा पाणी बिल, बँक अथवा टपाल खात्याचे पासबुक, नोंदणीकृत भाडेकरार इत्यादी कागदपत्रे ग्राह्य धरली जातात. पुरेशा कारणास्तव आधार क्रमांक देता आला नाही, तरी तेवढ्यावरून अर्ज नाकारता येत नाही. बेघर व्यक्तीकडे निवासाचा पुरावा मागितला जात नाही. ती व्यक्ती सांगितलेल्या जागी रात्री झोपते काय, याची केंद्रस्तरीय अधिकारी प्रत्यक्ष पाहणी करतो.

हरकती, वगळणी आणि अपील

पुनरीक्षणाच्या वेळी प्रारूप यादी प्रसिद्ध करून दावे व हरकती मागविल्या जातात आणि त्यांवरील निर्णयानंतर अंतिम यादी प्रसिद्ध होते. एखादी व्यक्ती तेथे राहत नाही किंवा नोंदणीस पात्र नाही, या कारणावरून तिचे नाव वगळावयाचे असेल, तर तिला म्हणणे मांडण्याची वाजवी संधी देणे नोंदणी अधिकाऱ्यावर बंधनकारक आहे. नोंदणी अधिकाऱ्याच्या निर्णयाविरुद्ध १५ दिवसांच्या आत जिल्हा दंडाधिकाऱ्याकडे आणि त्याच्या निर्णयाविरुद्ध ३० दिवसांच्या आत राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्याकडे अपील करता येते.

यादी केव्हा गोठते

यादीचे अद्ययावतीकरण वर्षभर चालू असते. परंतु उमेदवारी अर्ज भरण्याच्या अखेरच्या दिनांकानंतर निवडणूक पूर्ण होईपर्यंत यादीत नाव घालता, हलविता किंवा वगळता येत नाही. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीचा कार्यक्रम १५ ऑक्टोबर रोजी जाहीर झाला. उमेदवारी अर्जांचा अखेरचा दिवस २९ ऑक्टोबर, मतदान २० नोव्हेंबर आणि मतमोजणी २३ नोव्हेंबर रोजी होती. म्हणजे मतदानाच्या २२ दिवस आधीच यादी गोठली होती. प्रत्येक अर्जावर हरकतींसाठी सात दिवसांची मुदत ठेवावी लागत असल्याने शेवटच्या दिवशी केलेला अर्ज उपयोगी पडत नाही. कार्यक्रम जाहीर झाल्यावर नाव शोधू पाहणाऱ्या मतदाराच्या हाती म्हणून फार थोडे दिवस उरतात.

मतदानाचा दिवस

मतदान केंद्रे बहुतांशी जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांत असतात. २०२४ मध्ये मतदानाची वेळ सकाळी ७ ते सायंकाळी ६ अशी होती. ठरलेल्या वेळी रांगेत उभ्या असलेल्या प्रत्येकाला चिठ्ठी दिली जाते व ती रांग संपेपर्यंत मतदान चालू राहते. मतदानापूर्वी उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर अभिरूप मतदान घेऊन यंत्र तपासले जाते.

घरी वाटली जाणारी मतदार माहिती चिठ्ठी केवळ यादी भाग व अनुक्रमांक कळविण्यासाठी असते. ती ओळखीचा पुरावा नव्हे. छायाचित्र ओळखपत्र नसल्यास आधार कार्ड, पॅन कार्ड, वाहन परवाना, पारपत्र, रोजगार हमीचे जॉब कार्ड, छायाचित्र असलेले बँक वा टपाल पासबुक, छायाचित्रासह निवृत्तिवेतनाची कागदपत्रे, दिव्यांगांचे विशिष्ट ओळखपत्र आदी पर्याय आयोगाने मान्य केले आहेत.

केंद्रात पहिला मतदान अधिकारी यादीतील नाव व ओळख पडताळतो. दुसरा डाव्या हाताच्या तर्जनीला पक्की शाई लावून नोंदवहीत सही वा अंगठा घेतो. तिसऱ्या अधिकाऱ्याने नियंत्रण यंत्र सुरू केल्यावर मतदार आडोशामागे जाऊन उमेदवाराच्या नावापुढील बटण दाबतो. व्हीव्हीपॅट यंत्राच्या खिडकीत उमेदवाराचे नाव व चिन्ह छापलेली चिठ्ठी सात सेकंद दिसते आणि पेटीत पडते. कोणताही उमेदवार पसंत नसल्यास ‘वरीलपैकी कोणीही नाही’ (नोटा) हा पर्याय सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ मधील निकालानंतर उपलब्ध झाला आहे.

आपल्या नावावर दुसऱ्याच कोणी आधी मत देऊन गेल्याचे आढळल्यास खऱ्या मतदाराने परत फिरू नये. ओळख पटल्यावर त्याला कागदी मतपत्रिकेवर ‘प्रदत्त मत’ देण्याचा अधिकार आहे व केंद्राध्यक्षाने ती मतपत्रिका देणे आवश्यक असते. अंध अथवा अशक्त मतदाराला १८ वर्षांवरील सोबती आत नेता येतो. ८५ वर्षांवरील तसेच ४० टक्के वा अधिक दिव्यांगत्व असलेल्या मतदारांना नमुना १२घ भरून घरून मतदान करण्याची सोय आहे. हा अर्ज निवडणुकीची अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांत द्यावा लागतो.

ऊसतोडणी मजूर व स्थलांतरित मतदार

बारामती तालुक्यात माळेगाव व सोमेश्वर, तर इंदापूर तालुक्यात भवानीनगरचा छत्रपती, बिजवडीचा कर्मयोगी आणि शहाजीनगरचा नीरा-भीमा हे सहकारी साखर कारखाने आहेत. गाळप हंगामात तोडणीसाठी बीड, अहिल्यानगर आदी जिल्ह्यांतून मजूर येथे येतात. विधानसभा निवडणूक ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये आणि हंगामही त्याच सुमारास, असा योग २००९ पासून प्रत्येक वेळी आला आहे. २०२४ मध्ये गाळपास १५ नोव्हेंबरपासून परवानगी होती आणि मतदान २० नोव्हेंबरला होते.

हे मजूर हंगामापुरते येत असल्याने त्यांची नोंदणी मूळ गावीच राहते. कारखान्याच्या परिसरातील केंद्रावर त्यांना मत देता येत नाही. टपाली मतदानाची सोय सैन्यदलातील व निवडणूक कामावरील कर्मचारी अशा ठरावीक वर्गांसाठी आहे. तोडणी मजुरांचा त्यांत समावेश नाही. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम १३५ख नुसार मतदानाच्या दिवशी कामगाराला भरपगारी सुटी मिळते आणि ती रोजंदारीवरील कामगारांनाही लागू आहे. परंतु तोडणी मजुराची मजुरी टनावर ठरते, मुकादमाकडून घेतलेली उचल फेडावयाची असते आणि गावी जाऊन परतण्यात एकाहून अधिक दिवस मोडतात. एका दिवसाच्या सुटीने त्याची अडचण सुटत नाही. डिसेंबर २०२२ मध्ये निवडणूक आयोगाने देशांतर्गत स्थलांतरितांसाठी दूरस्थ मतदान यंत्राचे प्रारूप मांडून राजकीय पक्षांची मते मागविली होती. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत मात्र असे यंत्र वापरले गेले नाही. परिणामी, नाव यादीत असूनही मताला मुकणारा हा वर्ग आहे.

अन्य याद्यांशी असलेला फरक

ग्रामपंचायत, नगरपरिषद, पंचायत समिती व जिल्हा परिषद यांच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो. त्यासाठी विधानसभेचीच यादी प्रभागनिहाय विभागून वापरली जाते. म्हणून विधानसभेच्या यादीतील चूक गावच्या निवडणुकीतही उतरते. सहकारी साखर कारखान्याची यादी मात्र पूर्णतः वेगळी असते. ती सभासदत्वावर आधारित असून तिच्यात नाव असल्याने विधानसभेसाठी मतदानाचा हक्क मिळत नाही. अनेक घरांत कारखान्याचे सभासदत्व कर्त्या पुरुषाच्या एकट्याच्या नावे असते. विधानसभेच्या यादीत मात्र त्या घरातील प्रत्येक प्रौढ स्त्री-पुरुषाची स्वतंत्र नोंद व्हावी लागते, आणि प्रत्येकाचे मत सारख्याच मूल्याचे असते.