गावचा शेतकरी संदेश-गट : कोणी कोणते काम करावे ?

खुटबाव व आसपासच्या गावांत ऊस आणि कांदा ही महत्त्वाची पिके होत. कालव्याचे आवर्तन, कांद्याचा भाव, करप्यावरील औषध यांची वार्ता पूर्वी चावडीवर कळे. आता ती व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर येते. चावडीवर बोलणारा समोर असे आणि त्याच्या शब्दाची पारख तेथेच होई. गटावरील संदेश मूळ कोणाचा, हे पुष्कळदा उमगत नाही. म्हणून गट स्थापन करणे जितके सोपे, तितकेच तो नीट चालविणे जबाबदारीचे आहे.

माझ्या कार्यक्षेत्रातील एका गटावर फवारणीचे प्रमाण फिरत आले. मूळ संदेशात ते दहा लिटर पाण्यासाठी होते. पुढे पाठविताना कोणीतरी ‘दहा’ हा शब्द गाळला. मात्रा दसपट झाली आणि एका शेतकऱ्याचा कांदा करपला. दुष्ट हेतू कोणाचाच नव्हता. पण संदेश तपासण्याचे काम कोणाकडेही नेमून दिलेले नव्हते.

अफवेने याहून भयंकर अनर्थ होतो. धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे १ जुलै २०१८ रोजी मुले पळविणाऱ्यांच्या अफवेवरून जमावाने पाच निरपराध माणसांचा बळी घेतला. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठविता येईल, अशी मर्यादा घातली.

गटाची कामे पुढीलप्रमाणे वाटून घ्यावीत :

(१) संचालक : निदान दोन असावेत, म्हणजे एक शेतात वा परगावी असता दुसरा लक्ष ठेवील. नवा सभासद ओळख पटवून घ्यावा. चुकीचा संदेश संचालकास सर्वांसाठी पुसता येतो. तो पुसून खरी माहिती लगेच द्यावी. अफवा पसरू लागल्यास केवळ संचालकांनाच लिहिता येईल अशी सोय काही काळ चालू करावी. मात्र हा अधिकार गटाचा विश्वस्त म्हणून वापरावा. भाऊबंदकी वा निवडणुकीचे हेवेदावे त्यात आणू नयेत.

(२) ग्रामपातळीवरील कार्यकर्ता : पीकसल्ला देताना पीक, औषध, प्रमाण, पाणी आणि तारीख ही पाचही स्पष्ट लिहावीत. शंका असल्यास कांद्याबाबत राजगुरुनगरच्या कांदा व लसूण संशोधन संचालनालयाचा, उसाबाबत पाडेगावच्या संशोधन केंद्राचा सल्ला पाहावा. औषधाच्या वेष्टनावरील सूचना हीच अखेरची मानावी.

(३) सभासद : रोगाचे छायाचित्र पाठविताना पानाची दोन्ही बाजू दाखवावी व लागवडीची तारीख कळवावी. अनुदानाच्या नावाने आलेली अनोळखी फाईल उघडू नये. बँकेचा सांकेतिक क्रमांक कोणासही देऊ नये.

संचालकपदाच्या भीतीने कोणी मागे राहू नये. सभासदाच्या आक्षेपार्ह मजकुरात संचालकाचा समान हेतू नसेल, तर केवळ संचालक म्हणून त्याला दोषी धरता येत नाही, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ साली दिला आहे. तथापि कायद्याने सुटका झाली तरी करपलेला कांदा परत येत नाही.

शेतकरी बंधुभगिनींनो, बियाणे आपण पाखडून घेतो. संदेशही तसाच पाखडून घ्यावा व मगच पुढे द्यावा.