कामाचे सहा गठ्ठे

नांदेड असो वा लातूर, जिल्ह्याच्या ठिकाणच्या शासकीय कार्यालयात पावणेदहाला खुर्चीवर बसलेल्या कारकुनासमोर कामे एकाच वाटेने येत नाहीत. आवक शाखेतून टपाल येते, संगणकावर ई-मेल उघडतो, ई-ऑफिसमध्ये नस्ती येऊन पडलेली असते आणि खिशातला मोबाइल तर बसमध्ये असल्यापासूनच वाजत असतो. वरिष्ठांनी व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर टाकलेली दोन ओळींची सूचना अकरा वाजेपर्यंत शंभर संदेशांच्या तळाशी जाते. त्यातच टेबलासमोर कोणीतरी अर्ज हातात घेऊन उभे असते. सायंकाळी सव्वासहाला दिवसभर राबल्याचा थकवा असतो. नेमके काय निकाली निघाले, हे मात्र सांगता येत नाही.

एरवी हे खपून जाते. २०२५च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये अतिवृष्टीने या दोन्ही जिल्ह्यांना झोडपले, तशा काळात ते खपत नाही. पंचनामे, याद्या, बँक खात्यांची पडताळणी अशी कामे एकदम अंगावर येतात. खाते क्रमांकातला एक आकडा चुकला, तो दुरुस्त करण्यासाठी पत्र गेले आणि त्या पत्राचा पाठपुरावा करायचे राहून गेले, की एका शेतकऱ्याची मदत अडकते. यात कोणाचा हेतू वाईट नसतो. काम केवळ विसरलेले असते.

या विसराळूपणावर उपाय म्हणून गेल्या काही वर्षांत कामांचे नियोजन करणारी सॉफ्टवेअर आली. टोडूइस्ट, मायक्रोसॉफ्ट टू डू, गुगल टास्क्स, ट्रेलो ही त्यांतली परिचित नावे. बहुतेकांची साधी आवृत्ती मोफत आहे आणि मोबाइल व संगणक दोन्हींवर चालते. कामाची नोंद करायची, तारीख लावायची, झाले की खूण करायची, एवढाच मूळ व्यवहार. नवे सॉफ्टवेअर घेणाऱ्यांपैकी अनेक जण पहिला आठवडा याद्या रंगवण्यात घालवतात आणि तिसऱ्या आठवड्यात त्या उघडणेही सोडतात. दोष सॉफ्टवेअरचा नसतो. कामांची विभागणी कशी करायची, हेच ठरलेले नसते.

वास्तविक ही विभागणी महाराष्ट्रातील सरकारी कचेऱ्यांना नवी नाही. १९८०च्या दशकाच्या आरंभी अहमदनगरचे (आताचे अहिल्यानगर) तत्कालीन जिल्हाधिकारी अनिलकुमार लखीना यांनी तेथील कार्यालयाची घडी नव्याने बसवली. अभिलेखांची मांडणी, टेबलांची रचना, कोणाकडे कोणते काम याची स्पष्टता अशा गोष्टींवर भर देणारी ती पद्धत ‘लखीना पॅटर्न’ म्हणून राज्यभर ओळखली गेली. राज्यातील कार्यालयांत शिकवली जाणारी दुसरी पद्धत म्हणजे सहा गठ्ठा पद्धत. तीत कारकुनाजवळचा प्रत्येक कागद सहांपैकी एका गठ्ठ्यातच असावा लागतो. ज्यांवर आज कार्यवाही करायची ती प्रकरणे पहिल्या गठ्ठ्यात. ज्यांवर दुसऱ्याचे उत्तर यायचे आहे ती ‘प्रतीक्षाधीन’. ठरावीक मुदतीने पाठवायची विवरणपत्रे ‘नियतकालिके’. वारंवार लागणारे शासन निर्णय व परिपत्रके ‘स्थायी आदेश संचिका’. काम संपलेल्या नस्त्या अभिलेख कक्षाकडे जाण्यासाठी वेगळ्या आणि मुदत सरलेले ‘ड’ वर्गाचे कागद नष्ट करण्यासाठी वेगळे.

अमेरिकेतील डेव्हिड अ‍ॅलन यांचे कार्यनियोजनावरील ‘गेटिंग थिंग्ज डन’ हे पुस्तक २००१मध्ये प्रसिद्ध झाले आणि जगभर गाजले. पुढच्या काळातील अनेक सॉफ्टवेअरवर त्याची छाप आहे. त्यातील ‘पुढची कृती’, ‘वाट पाहणे’, ‘संदर्भ’ या कप्प्यांशी आपल्या गठ्ठ्यांचे साम्य पाहिले, तर लातूरच्या एखाद्या निवृत्त अव्वल कारकुनाला गालातल्या गालात हसू यावे! तेव्हा सॉफ्टवेअर कोणतेही असो, त्यात सहा याद्या केल्या की अर्धे काम झाले.

सहांत सर्वांत मोलाचा आणि सर्वांत दुर्लक्षित गठ्ठा प्रतीक्षाधीन कामांचा. पत्र लिहून टाकले की काम झाल्यासारखे वाटते, पण ते फक्त दुसऱ्याच्या टेबलावर गेलेले असते. सॉफ्टवेअर खरे उपयोगी पडते ते येथे. ‘तहसीलकडून अहवाल येणे’ अशी नोंद करून आठ दिवसांनंतरची तारीख घातली, की त्या दिवशी मोबाइल स्वतःहून आठवण देतो. कागदाचा गठ्ठा ही आठवण देऊ शकत नव्हता; तो कोणीतरी सोडून पाहावा लागे. नियतकालिकांचेही तसेच. दर महिन्याच्या पाच तारखेचे विवरणपत्र एकदा ‘दरमहा’ म्हणून नोंदवले की पुन्हा लक्षात ठेवण्याची गरज उरत नाही.

लक्षात ठेवण्याला किंमत मोजावी लागते, हे मानसशास्त्रही सांगते. अपुरी कामे पूर्ण झालेल्या कामांपेक्षा मनात अधिक घोळतात, असे निरीक्षण ब्लूमा झायगार्निक यांनी १९२७मध्ये मांडले. मॅसिकॅम्पो आणि बाउमाइस्टर यांच्या २०११च्या संशोधनात त्याला एक दिलासादायक जोड मिळाली: काम पूर्ण झाले नाही तरी ते केव्हा व कसे करायचे याची नेमकी योजना आखली, तरी मनाची टोचणी कमी होते. ‘पंचनामे’ असा एक शब्द यादीत लिहिण्यापेक्षा ‘उद्या सकाळी यादीतील खाते क्रमांक तपासणे’ असे लिहिणे म्हणूनच हिताचे.

हे शहाणपण केवळ सरकारी कचेरीचे नाही. आडत दुकानातील जुना मुनीम तूर-सोयाबीनच्या सौद्यांच्या धांदलीत कच्च्या वहीत भराभर टिपून घेई. कोणते कुठे लिहायचे, याचा विचार तो तेव्हा करत नसे. दुकान शांत झाल्यावर कच्ची वही समोर घेऊन रोजमेळ आणि पुढे खतावणी होई. मोबाइलवर आलेले प्रत्येक काम तिथल्या तिथे योग्य यादीत बसवण्याचा अट्टहास करणाऱ्यांनी ही रीत घ्यावी. दिवसा फक्त टिपावे, वर्गवारी सायंकाळी दहा मिनिटांत करावी.

सरकारी कामाला कायद्याचीही मुदत आहे. बदल्यांचे विनियमन आणि विलंबास प्रतिबंध करणारा महाराष्ट्राचा २००५चा अधिनियम सांगतो, की सामान्यतः कोणतीही नस्ती एका कर्मचाऱ्याकडे कामाच्या सात दिवसांपेक्षा अधिक काळ राहू नये. तातडीच्या नस्तीसाठी ही अपेक्षा चार दिवसांची आहे. ई-ऑफिसमुळे नस्ती कोणाकडे किती दिवस पडून आहे, हे आता लपत नाही. मात्र समोरच्या चाळीस नस्त्यांपैकी आधी कोणती हातात घ्यावी, हे ती प्रणाली सांगत नाही. ते ज्याचे त्यानेच ठरवायचे.

ठरवले तरी लक्ष टिकायला हवे. कॅलिफोर्निया विद्यापीठातील ग्लोरिया मार्क यांनी लोक पडद्यावरील एका गोष्टीकडे सलग किती वेळ पाहतात, हे मोजले. २००४मध्ये तो काळ सरासरी अडीच मिनिटांचा होता. अलीकडच्या वर्षांत तो ४७ सेकंदांवर आला. यावर फ्रान्चेस्को सिरिलो यांची पंचवीस मिनिटे काम आणि पाच मिनिटे विश्रांती ही ‘पोमोडोरो’ पद्धत सुचवली जाते. नांदेडच्या कचेरीत ती जशीच्या तशी चालणार नाही. किनवट-माहूरकडून शंभराहून अधिक किलोमीटर एसटीने आलेल्या माणसाला ‘गजर वाजेपर्यंत थांबा’ असे सांगणे उचित नव्हे. गर्दी सुरू होण्यापूर्वीचा पहिला तास मात्र हाती ठेवता येतो. त्या तासात मोबाइल ‘व्यत्यय नको’ स्थितीत, व्हॉट्सअ‍ॅप बंद आणि यादीतील सर्वांत अवघड एकच नस्ती समोर. घरचा व वरिष्ठांचा क्रमांक या बंधनातून वगळण्याची सोय बहुतेक मोबाइलमध्ये असते.

दोन सावधगिरीच्या गोष्टी. नागरिकांचे आधार वा खाते क्रमांक, कागदपत्रांची छायाचित्रे खासगी सॉफ्टवेअरमध्ये कदापि टाकू नयेत. तेथे फक्त नस्तीचा क्रमांक आणि पुढची कृती पुरे. दुसरी गोष्ट टंकलेखनाची. कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये मराठी अक्षरांमागे इंग्रजी अक्षरांचेच संकेत साठवलेले असतात, त्यामुळे ‘निलंगा’ असा शोध घेतला तर काहीच सापडत नाही. युनिकोडमध्ये नोंद केली तर वर्षभरापूर्वीचे कामही क्षणात समोर येते.

कार्यविवरण नोंदवहीचा साप्ताहिक गोषवारा काढण्याची पद्धत कचेऱ्यांत जुनीच आहे: मागील शिल्लक किती, नवी आवक किती, निर्गती किती. मोबाइलवरील यादीसाठी शुक्रवारी चारच्या सुमारास हेच तीन आकडे काढायला पंधरा मिनिटे लागतात. सुरुवातीच्या एखाद-दोन शुक्रवारी शिल्लक वाढलेलीच दिसते, कारण तोवर डोक्यात असलेली कामे पहिल्यांदाच कागदावर आलेली असतात.